जुन्या ट्रकचा सेल्फ पुन्हा पुन्हा अडतो : इंजिनाच्या अर्थिंगची तपासणी आणि दुरुस्ती

बॅटरी नवी आहे, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) नुकताच भरून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून आणला आहे, तरीही पहाटे मार्केट यार्डात माल उतरवून झाल्यावर चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो किंवा जड जड फिरून दम सोडतो. दोन-चार वेळा चावी मारल्यावर किंवा चार जणांनी धक्का दिल्यावर गाडी चालू होते आणि मग दिवसभर काही कुरकुर करत नाही. पुणे परिसरात अजूनही रोज धावणाऱ्या टाटाच्या ४०७ किंवा १६१३ यांसारख्या जुन्या ट्रकांबाबत ही तक्रार नेहमी ऐकू येते. पावसाळ्यात ती वाढते, दिवाळीनंतर कमी होते, आणि दर वेळी काहीतरी बदलल्यावर काही आठवडे गाडी ठीक चालून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होतात.

ते काही आठवडे गाडी ठीक का चालते, यातच बिघाडाचा पत्ता आहे. बॅटरी बदलताना निगेटिव्ह टर्मिनल सैल करून पुन्हा आवळले जाते, सेल्फ उतरवून चढवताना त्याचा फ्लँज (इंजिनाला टेकून आवळली जाणारी कडा) आणि बोल्ट घासले जातात, आणि या हलवाहलवीत गंजाचा थर तात्पुरता तुटून विजेला थोडी वाट मिळते. श्रेय मात्र नव्या बॅटरीला किंवा सेल्फवाल्याला मिळते. जोड मुळापासून साफ झालेला नसल्याने ओलावा पुन्हा आत शिरतो आणि तीच तक्रार परत येते. म्हणून दुसऱ्यांदा बॅटरी किंवा तिसऱ्यांदा सेल्फ बदलण्याआधी अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीकडे परतणाऱ्या विजेच्या वाटेकडे, पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष कसा निर्माण होतो

बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून जाड केबलने सेल्फपर्यंत गेलेली वीज तितक्याच प्रमाणात निगेटिव्हकडे परत यावी लागते, आणि ही परतीची वाट म्हणजेच अर्थ. सेल्फच्या पोटातून ती त्याच्या फ्लँजमध्ये, तेथून बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले कवच) आणि इंजिन ब्लॉकमध्ये, तेथून अर्थ पट्टीने चेसिसमध्ये आणि चेसिसवरून निगेटिव्ह केबलने बॅटरीत येते. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेले असल्याने ते चेसिसला विजेच्या दृष्टीने आपोआप जोडलेले नसते. ते काम फक्त त्या एका पट्टीवर किंवा केबलवर अवलंबून असते. केबिनचेही तसेच आहे. मागचा हौदा चेसिसवर लाकडी पट्ट्या ठेवून बसवलेला असेल, तर टेल लॅम्पलाही स्वतंत्र अर्थ वायर लागते.

बारा व्होल्टच्या डिझेल ट्रकचा सेल्फ फिरताना साधारण ३०० अँपिअर वीज ओढतो असे धरू. वाटेतल्या एखाद्या जोडात गंजामुळे केवळ ०.००५ ओहम अवरोध तयार झाला, तर तेथे दीड व्होल्ट खर्ची पडतात आणि तेवढे सेल्फला कमी मिळतात. त्याच जोडातून हेडलाइटच्या एका बल्बचे ५ अँपिअर गेले, तर खर्च होतो ०.०२५ व्होल्ट, जो डोळ्यांना कधीच जाणवत नाही. ‘लाइट तर लख्ख लागतात, मग अर्थ खराब कसा?’ या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. त्या जोडात निर्माण होणारी उष्णता सुमारे ४५० वॅट भरते, म्हणजे घरातल्या साध्या इस्त्रीच्या जवळपास निम्मी. म्हणूनच काही सेकंद सेल्फ मारल्यानंतर केबलच्या जोडांना हात लावून पाहणाऱ्या जुन्या वायरमनची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. जो जोड गरम लागतो, तो संशयित.

अर्थ पट्टी पूर्ण तुटली असेल, तर वीज दुसरी वाट शोधते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, जे काही धातूचे इंजिन आणि चेसिस यांना जोडते त्यातून ती वाहू लागते. सेल्फ मारताना क्लचची केबल गरम होणे किंवा तिच्या आवरणाला जळका वास येणे ही या बिघाडाची पक्की खूण आहे, आणि अशा वेळी गाडी रस्त्यावर काढू नये. केबल आतून वितळून अडकली आणि खंबाटकीच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर परत आला नाही, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

जुन्या यांत्रिक इंधन पंपाचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की त्याला पळण्यासाठी विजेची फारशी गरज उरत नाही, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे खपवून घेतला जातो. पेट्रोल गाडीने असा दोष असताना केव्हाच संप पुकारला असता.

मल्टिमीटरने तपासणी

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. मीटर ओहमवर किंवा ‘बीप’वर लावून अर्थ तपासण्याची सवय मात्र सोडावी. केबलच्या शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो, कारण त्याच्या चाचणीत अगदी नगण्य वीज वाहते, आणि ०.००५ ओहम मोजण्याची साध्या मीटरची कुवत नसते, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अवरोध त्याहून कितीतरी जास्त असतो. खरी परीक्षा जोडातून मोठी वीज जात असतानाच होते, आणि त्यासाठी त्या जोडावर किती व्होल्ट खर्च होतात हे मोजावे लागते.

आधी बॅटरी. गाडी काही तास उभी असताना टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर चार्ज केल्याशिवाय पुढचे कोणतेही मोजमाप विश्वासार्ह ठरणार नाही. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त वीज ओढतो आहे. येथे एक बारकावा फार उपयोगाचा आहे. सेल्फ जड फिरत असताना बॅटरीचे व्होल्टेज ११ च्या आसपास टिकून राहत असेल, तर बॅटरीला दोष देण्याचे कारण उरत नाही. बॅटरी द्यायला तयार आहे, पण वाटेत काहीतरी अडते आहे.

आता गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला ठेवावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपचा नॉब ओढून धरण्यास एका माणसाला सांगावे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर टेकवावे. टर्मिनलच्या क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष खांबावर; कारण क्लॅम्प आणि खांब यांच्यामधला जोड हाच अनेकदा गुन्हेगार असतो आणि क्लॅम्पवर टोक टेकवले की तो मोजमापातून निसटतो. दुसरे टोक इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या जागी दाबून धरावे आणि केबिनमधल्या माणसाने चार-पाच सेकंद सेल्फ मारावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर इंजिनापर्यंतचा अर्थ ठीक आहे. ०.२ ते ०.५ च्या दरम्यान असेल तर दुरुस्ती जवळ आली आहे, आणि ०.५ च्या वर असेल तर तक्रारीचे कारण सापडले असे समजावे.

मोठा आकडा आला की त्याचे तुकडे पाडावेत. एक टोक खांबावरच ठेवून दुसरे टोक क्रमाने क्लॅम्पवर, मग केबलच्या चेसिसकडील थिंबलवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या, बोल्टाचे भोक असलेल्या धातूच्या तुकड्यावर), मग थिंबलशेजारी खरवडलेल्या चेसिसवर, मग अर्थ पट्टीच्या इंजिनाकडील टोकावर, मग ब्लॉकवर आणि शेवटी सेल्फच्या बॉडीवर टेकवत जावे. प्रत्येक ठिकाणी पुन्हा थोडा वेळ सेल्फ मारावा लागेल, मात्र दोन वेळांच्या मध्ये सेल्फला थंड होऊ द्यावे. ज्या दोन जागांच्या दरम्यान आकडा एकदम उडी मारतो, तेथेच दोष आहे. बॅटरी कट-ऑफ स्विच निगेटिव्ह केबलमध्ये बसवलेला असेल, तर त्याच्या दोन्ही बोल्टांवरही मोजावे. त्याच्या आतले संपर्क जळलेले असले तरी बाहेरून तो ठणठणीत दिसतो.

न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टापर्यंतही याच पद्धतीने मोजावे. तेथे अर्धा व्होल्ट ही वरची मर्यादा मानता येईल.

मीटर नसेल तर जंपर केबलनेही निदान होते. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि नंतर दुसरे टोक बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या एखाद्या उघड्या, जाड भागावर घट्ट लावावे, म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या वायूजवळ पडत नाही. इतके केल्यावर सेल्फ पूर्वीसारखा झपाट्याने फिरला, तर अर्थचा दोष सिद्ध झाला.

जोड उघडणे आणि साफ करणे

अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीची निगेटिव्ह केबल सर्वांत आधी काढावी आणि सर्वांत शेवटी जोडावी. हा क्रम उलटला आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना चेसिसला टेकला, तर पाना वितळण्याइतकी ठिणगी उडू शकते.

अर्थ पट्टी बहुधा बेल हाउसिंग किंवा गिअरबॉक्सजवळून चेसिसच्या आतल्या बाजूला गेलेली असते. नेमकी जागा मॉडेलवर आणि मागच्या मिस्त्रीच्या मर्जीवर ठरते. बोल्ट वरून ताज्या काळ्या रंगाने चकचकीत दिसेल. रिंग पाना आधी त्या रंगावरून घसरतो, मग कडक आवाज करून बोल्ट सुटतो आणि वॉशरसोबत रंगाची पापडी निघून येते. थिंबल उलटे करून पाहिले की सगळा प्रकार उघड होतो : तपकिरी-काळ्या गंजाचे गोल कडे आणि त्याच्या एका कडेला नखाएवढी चमकती कोर. आजवरची सगळी वीज त्या एवढ्याशा कोरीतून जात होती.

दोन्ही पृष्ठभाग धातूचा खरा रंग दिसेपर्यंत साफ करावेत. तारेचा ब्रश रंगाला पुरत नाही. कानस किंवा जाड पॉलिश पेपर वापरून थिंबलच्या आकाराहून थोडी मोठी जागा उघडी करावी. थिंबलच्या दोन्ही बाजू, भोकाचा आतला काठ आणि चेसिसमधले आटेही साफ करावेत. जुना गंजलेला बोल्ट पुन्हा बसवण्याचा मोह टाळावा. थिंबल थेट चेसिसच्या धातूवर बसले पाहिजे. मध्ये साधा वॉशर घालण्याची चूक सर्रास होते आणि त्यामुळे एकाऐवजी दोन जोड तयार होतात. दातेरी वॉशर बोल्टाच्या बाजूने घालावा, त्याचे दात धातूत रुततात आणि कंपनाने बोल्ट सैल होत नाही. चेसिसवर नवी जागा निवडायची वेळ आलीच, तर उभ्या भागात आधीपासून असलेले भोक वापरावे. वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीला नवीन भोक पाडू नये, कारण भाराचा सगळा ताण तेथेच येतो.

बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा किंवा निळसर-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे सोडा पुरतो; फेस येणे थांबले की आम्ल निष्प्रभ झाले असे समजावे आणि स्वच्छ पाणी ओतावे. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ नये म्हणून झाकणे आधी घट्ट लावावीत. व्हॅसलिनचा हात सर्व जोड आवळून झाल्यावर बाहेरून फिरवावा. त्याचे काम पाणी आणि हवा रोखण्याचे आहे, वीज वाहून नेण्याचे नाही. त्यामुळे मळक्या जोडात ग्रीस भरल्याने काहीही साधत नाही.

केबल स्वतःच कुजलेली असेल तर साफसफाईचा उपयोग नाही. थिंबलजवळचे आवरण दोन बोटे मागे सोलून तांब्याच्या तारा पाहाव्यात. त्या काळ्या पडून भुगा होत असतील तर आणखी मागे सोलावे. काळेपणा संपतच नसेल तर पूर्ण केबल बदलावी. विणलेली उघडी पट्टी लवचिक असली तरी ती पाणी शोषून घेते आणि आतून कुजते, म्हणून तिच्या जागी मला रबरी आवरणाची वेल्डिंग केबल अधिक पसंत आहे. मूळ केबलपेक्षा ती बारीक नसावी. अंदाज लागत नसेल तर ४०७ च्या वर्गातील गाडीला ५० चौरस मिलिमीटर तांबे घ्यावे. नाना पेठेत केबल घेताना तिची एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि ती या कामाला नको. थिंबल हातोड्याने ठोकून बसवू नये, हायड्रॉलिक पंचने दाबून घ्यावे. डाख दिलेला जोड दिसायला सुबक असतो, पण त्याच्या मागची तार कडक होऊन कंपनाने तेथेच तुटते.

सेल्फ भरून देणारे कारागीर काम झाल्यावर त्यावर चंदेरी किंवा काळा रंग मारतात आणि तो फ्लँजवरही जातो. सेल्फचा अर्थ याच फ्लँजमधून जात असल्याने चढवण्याआधी फ्लँज आणि बेल हाउसिंगची बसकण खरवडून घ्यावी. आकडा ब्लॉकपर्यंत ठीक आणि सेल्फच्या बॉडीवर एकदम मोठा, असे निघाले तर हेच कारण असते. जुन्या गाडीत मी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक स्वतंत्र केबल थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टाखाली आणण्याचा आग्रह धरतो. मात्र त्यामुळे इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते केबिन या पट्ट्या काढून टाकायच्या नाहीत; दिव्यांची आणि मीटरच्या काट्यांची वीज त्यांच्यातूनच परत येते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद लुकलुकणे किंवा हेडलाइट लावताच तापमानाचा काटा सरकणे ही लक्षणे बहुतेक वेळा केबिनच्या किंवा टेल लॅम्पच्या अर्थची असतात.

तक्रार परत का येते

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नवे करून घ्यावे लागते, आणि पासिंगला नेण्याआधी चेसिस काळ्या रंगाने फवारून घेण्याची रीत आहे. आवळलेल्या जोडावर बाहेरून रंग बसला तर उलट संरक्षणच मिळते. पण रंगकाम करताना पट्टी किंवा केबल सोडून ठेवली आणि रंगलेल्या जागेवरच पुन्हा आवळली, तर थिंबल आणि चेसिस यांच्यामध्ये रंगाचाच पडदा उभा राहतो. रंगाला गाडी देताना अर्थचे जोड सोडू नयेत असे बजावावे, आणि सोडावेच लागले तर ती जागा चिकटपट्टीने झाकून घ्यावी. क्लच प्लेटचे किंवा गिअरबॉक्सचे काम झाल्यावर अर्थ पट्टी लोंबकळत राहण्याचे प्रकारही कमी नाहीत; बाकी सगळे जोडून झाल्यावर उरलेला बोल्ट कशाचा, याची चौकशी गाडी ताब्यात घेतानाच करावी.

चार्जिंग जास्त होत असेल तर बॅटरीतून उडणारे आम्ल शेजारचे जोड खात राहते. इंजिन थोड्या वेगात चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. १५ च्या वर आकडा जात असेल तर आधी रेग्युलेटर पाहावा. त्याच वेळी हेडलाइट लावून अल्टरनेटरच्या बॉडीपासून निगेटिव्ह खांबापर्यंत मोजल्यास ०.२ व्होल्टपेक्षा कमी यावे, नाहीतर बॅटरी कधीच पुरती भरणार नाही. हौद्यावर वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीच्या दोन्ही केबल काढाव्यात आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे त्याची मोठी वीज अर्थ पट्टीतून किंवा बेअरिंगमधून जाणार नाही.

चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्यांना जोडणारी मधली केबल हाही तपासायचा एक जोड आहे. टेप किंवा पंख्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतील, तर ती बॅटरी सतत कमी भरते आणि दुसरी उकळते; अशी गाडी अर्थिंग कितीही नीट केले तरी सुधारत नाही. तेथे कन्व्हर्टर बसवणे हाच उपाय.

दुरुस्तीनंतर तेच मोजमाप पुन्हा करून आलेला आकडा आणि तारीख गाडीच्या वहीत नोंदवावी, आणि मे महिन्याच्या अखेरीस, ताम्हिणी-मुळशीकडे पाऊस सुरू होण्याआधी, तसेच प्रत्येक पासिंगनंतर पुन्हा मोजावे. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह अशा दोन्ही बाजूंचे आकडे मर्यादेत असून, बॅटरी भरलेली असूनही सेल्फ जडच फिरत असेल, तर दोष सेल्फच्या आत, म्हणजे कार्बन, बुश किंवा आर्मेचरमध्ये आहे. सेल्फच्या मोठ्या बोल्टावर पूर्ण व्होल्टेज येऊनही नुसता ‘टक्’ आवाज होत असेल, तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच बसवलेल्या, चावी फिरवल्यावर मोठी वीज जोडणाऱ्या स्विचचे) आतले तांब्याचे संपर्क जळलेले असण्याचा संभव अधिक, आणि तेव्हाच सेल्फ उतरवावा.